उडी उशिरा लागते, हिरो आपोआप सरकतो: नवा कंट्रोलर घेण्याआधी हे तपासा

ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या युनिटमध्ये मी तयार सर्किट बोर्ड तपासते आणि राहते वर्तकनगरला. बिल्डिंगमधली मुलं, भाचरं आणि त्यांचे मित्र धरून गेल्या सहा-सात वर्षांत चाळीसेक कंट्रोलर माझ्या टेबलावर येऊन गेले. तक्रार बहुतेक एकच असते: "काकू, उडी लागत नाहीये." या चाळिसांतले निम्मे तरी मी न उघडताच परत दिले, कारण खोट दुसरीकडेच होती. म्हणून उड्या मारत, हिरोची ताकद वाढवत खेळायच्या प्लॅटफॉर्म खेळांसाठी तपासणीचा क्रम आता एकदाच लिहून ठेवते.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी ओळखा.

१. बटण दाबलं की हिरो उडतो, पण दर वेळी जरा मागाहून. मेनूत खाली-वर जातानाही तोच उशीर.

२. दहातली एखादी उडी लागतच नाही, किंवा एकदा दाबून दोनदा लागते. किंवा बटण धरून ठेवलं तरी उडी अर्धीच जाते. बाकीची बटणं व्यवस्थित.

३. कंट्रोलर टेबलावर ठेवलाय, तरी हिरो डावीकडे सरकतो, खाली वाकतो किंवा नकाशा आपला आपण फिरतो.

४. एरवी सगळं छान, पण खोलीत शत्रू वाढले किंवा मोठा बॉस आला की खेळ जड होतो.

५. उडी वेळेवर लागते, पण खाली मारलेला वार तिरका जातो, किंवा लोळण घेताना हिरो ओझं वाहतोय असं वाटतं.

पहिलं लक्षण बहुतेक वेळा टीव्हीचं किंवा वायरलेसचं निघतं, दुसरं बटणाखालच्या रबराचं, तिसरं अंगठ्याने फिरवायच्या स्टिकचं आणि चौथं लॅपटॉपचं किंवा कन्सोलचं. पाचवं मात्र बिघाडच नसतो. तरी बोट थेट एकावर ठेवू नका. दोन दोष एकत्र असलेले कंट्रोलर मी बरेच पाहिले आहेत.

या खेळांत खोट उशिरा का कळते

नुसत्या उड्या मारायच्या खेळात बटण बिघडलं की तासाभरात कळतं. तिथे हिरो पहिल्या दिवशी जसा असतो तसाच शेवटपर्यंत राहतो, त्यामुळे काल जमलेली उडी आज का जमत नाही हा प्रश्न लगेच पडतो. आरपीजीचा, म्हणजे हिरो घडवायच्या खेळांचा, मसाला घातलेल्या प्लॅटफॉर्म खेळाचं तसं नसतं. इथे हिरोची लेव्हल वाढते, शस्त्रं बदलतात, अंगठ्या नि ताकद देणारे चार्म लागतात, नव्या ताकदी मिळतात. १९९७ साली प्लेस्टेशनवर आलेल्या कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइटमध्ये सुरुवातीलाच मृत्यू येऊन हिरोची, अल्युकार्डची, सगळी हत्यारं काढून घेतो, आणि पुढचा सगळा खेळ पुन्हा ताकद जमवण्यात जातो. अशा खेळात मार बसला की मनात पहिला विचार येतो तो म्हणजे माझी लेव्हल कमी पडतेय.

माझ्या भाचीचं अगदी हेच झालं. ती ब्लडस्टेन्ड: रिच्युअल ऑफ द नाइट खेळत होती. एका बॉसकडून रोज मार खायची, परत जाऊन त्याच त्या खोल्यांतले शत्रू मारून लेव्हल वाढवायची आणि पुन्हा हरायची. दिवाळीच्या सुट्टीतले दोन आठवडे यात गेले. "मावशी, मला हा खेळ झेपत नाही," म्हणाली तेव्हा तिचा चेहरा रडवेला झाला होता. कळव्याला तिच्या घरी जाऊन मी टीव्हीचं एक सेटिंग बदललं आणि तिसऱ्या प्रयत्नात बॉस पडला. हिच्या हातात काहीच कमी नव्हतं, हे दोन आठवडे तिला कुणी सांगितलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की लेव्हल वाढवत बसण्याआधी खालची तपासणी करा.

मोजून घ्या (फुकट, दहा मिनिटं)

"उशीर होतोय असं वाटतं" यावर काम करता येत नाही, आकडा लागतो. बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात स्लो मोशन असतं. ते सेकंदाला २४० फ्रेमवर ठेवा. बोट आणि टीव्हीचा पडदा दोन्ही दिसतील असा फोन पुस्तकांना टेकवून उभा करा आणि दहा वेळा उडी मारा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत, बोट बटणावर पूर्ण दाबलं गेल्यापासून हिरोचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंत किती फ्रेम जातात ते मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद.

भाचीच्या टीव्हीवर सरासरी ३१ फ्रेम निघाल्या होत्या, म्हणजे जवळपास १३० मिलिसेकंद. सेटिंग बदलल्यावर १७, म्हणजे ७० च्या आसपास. शून्य कधीच येत नाही, कारण बटण वाचून चित्र काढायला खेळालाही वेळ लागतो. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या खेळात एकेक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद पडद्यावर असतं. चांगल्या खेळांत काठावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मान्य करतात, पण ती सवलत काही चित्रांपुरतीच असते. टीव्हीनेच तेवढा वेळ खाल्ला की सवलत संपते आणि तुम्ही खड्ड्यात पडता.

फोनमध्ये १२० फ्रेमचाच पर्याय असेल तरी चालेल, तेव्हा एक फ्रेम ८ मिलिसेकंदांची धरा. आकडा वहीत लिहून ठेवा. पुढची प्रत्येक पायरी झाली की पुन्हा मोजा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गुण आला, तर कशाने आला ते कळणार नाही. दोन महिन्यांनी तोच त्रास उलटला की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

खेळातच काही बदललंय का

पाचवं लक्षण असेल तर इथेच थांबून बघा. सॉल्ट अँड सँक्च्युअरी या २०१६ च्या खेळात अंगावर जड चिलखत चढवलं की लोळण मंदावते. तिथे कंट्रोलरचा काही संबंध नाही, वजन उतरवलं की हिरो पुन्हा हलका.

गेल्या वर्षभरात सगळ्यात जास्त विचारणा झाली ती सिल्कसाँगबद्दल. हॉलो नाइट हा २०१७ चा खेळ, आणि त्याच टीम चेरीचा सिल्कसाँग ४ सप्टेंबर २०२५ ला आला. पहिल्या खेळात खाली दाबून वार केला की तो सरळ खाली जातो आणि शत्रूवर आपटून हिरो वर उसळतो. मुलांच्या बोटांत ते मुरलेलं. सिल्कसाँगमध्ये नायिका हॉर्नेटकडे सुरुवातीला जो हंटर क्रेस्ट (वार करण्याची पद्धत ठरवणारं चिन्ह) असतो, त्यात खालचा वार तिरका जातो. त्या महिन्यात स्टिक बिघडली म्हणून तीन कंट्रोलर माझ्याकडे आले, तिन्ही ठणठणीत. खेळात पुढे वाँडरर क्रेस्ट मिळतो, त्यात वार सरळ खाली जातो. बाकावर बसून क्रेस्ट बदला आणि तोच वार मारून बघा. सरळ गेला तर कंट्रोलर निर्दोष आहे.

परवापर्यंत जमत होतं आणि आज जमत नाही, असं असेल तर मधल्या काळात कोणतं शस्त्र, कोणता चार्म बदलला ते आठवा. जुना जोड पुन्हा चढवून बघायला दोन मिनिटं पुरतात.

टीव्हीचा गेम मोड

पहिल्या लक्षणाचं हे सगळ्यात मोठं कारण, आणि पुन्हा पुन्हा उलटणारंही.

आजकालचे टीव्ही आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवत नाहीत. रंग गडद करतात, कडा धारदार करतात, दोन चित्रांच्या मध्ये स्वतःचं तिसरं बनवून हालचाल गुळगुळीत करतात. यासाठी चित्र आत अडकवून ठेवावं लागतं. मालिका बघताना ते जाणवत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो. खेळताना मात्र तुमचं बोट वाट बघत राहतं. गेम मोड लावला की ही प्रक्रिया बहुतेक बंद पडते.

टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चर मोडमध्ये जा आणि "गेम" निवडा. काही कंपन्यांनी तो वेगळ्या मेनूत, बाहेरून जोडलेल्या उपकरणांच्या सेटिंगमध्ये ठेवलाय. सोबत "मोशन" नावाने जे काही असेल ते बंद करा, आणि वीज वाचवण्याचा मोड असेल तर तोही. नव्या टीव्हीत कन्सोल सुरू झाल्यावर गेम मोड आपोआप लागण्याची सोय असते. ती कन्सोल आणि टीव्ही दोन्हीकडे चालू करावी लागते, एकाच बाजूला केली तर काही होत नाही.

आता उलटण्याचं कारण. बऱ्याच टीव्हींमध्ये पिक्चर मोड प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा साठवलेला असतो. घरात क्रिकेटची मॅच असते, कुणीतरी सेट-टॉप बॉक्सची वायर बदलतं, नंतर कन्सोल दुसऱ्याच पोर्टला लागतो आणि तिथे जुना मोड असतो. किंवा आजींना मालिकेत चेहरे फिके दिसतात म्हणून कुणी मोड बदलून देतं. त्यामुळे कन्सोलचा पोर्ट कायमचा ठरवा आणि त्या वायरवर रंगीत टेप गुंडाळा. आमच्याकडे लाल टेप आहे, आणि त्या वायरला हात लावायचा नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

वायर लावून बघा

गेम मोड लावूनही आकडा उतरला नाही, किंवा उशीर कधी असतो कधी नसतो, तर कंट्रोलर यूएसबी वायरने जोडून तासभर खेळा. वायर चार्जिंगपुरती नको, डेटा नेणारी हवी. फोनसोबत आलेल्या काही स्वस्त वायरींतून फक्त वीज जाते. प्लेस्टेशन ५ वर वायर लावूनही काही वेळा संदेश ब्लूटूथनेच जातो. सेटिंगमध्ये जोडणीची पद्धत यूएसबी करून घ्या.

वायरने त्रास गेला तर दोष हवेतला आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, जुने वायफाय त्यातच, मायक्रोवेव्हही त्यातच. ब्लूटूथ सतत जागा बदलत मोकळी फट शोधतं. घोडबंदर रोडच्या एखाद्या वीस मजली टॉवरमध्ये फोनवर वायफायची यादी उघडून बघा, पंचवीस-तीस नावं दिसतात. मोकळी फट राहणार कुठे? रात्री आठनंतर सगळे घरी आले की उडी चुकायला लागते आणि सकाळी ठीक असते, याचं कारण हेच. उपाय साधे आहेत. घरचा फोन, टीव्ही आणि कन्सोल वायफायच्या ५ गिगाहर्ट्झवर टाका. कन्सोल टीव्हीच्या मागे कोंबलेला असेल तर पुढे आणा. राउटर त्याला खेटून असेल तर हलवा.

लॅपटॉपवर खेळणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क किंवा हब चालू असताना त्यातून याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. शेजारच्या पोर्टमध्ये कंट्रोलरचा छोटा रिसीव्हर असेल तर तो बहिरा होतो. अर्ध्या मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर समोर आणा, पुरतं. नेरूळच्या एका मित्राच्या मुलाचा सहा महिन्यांचा त्रास या वायरने गेला.

प्लेस्टेशन ५ चा डुअलसेन्स कंट्रोलर असेल तर जोडणी एकदा पुसून नव्याने करा. कन्सोल बंद करून कंट्रोलरच्या पाठीवरच्या बारीक छिद्रात पिन घालायची, आतलं बटण पाचेक सेकंद दाबायचं, मग वायरने जोडून पीएस बटण दाबायचं.

आणि कानात ब्लूटूथ हेडफोन असेल तर तो काढा. त्यात आवाज पाव सेकंदापर्यंत मागे पडू शकतो. उडी वेळेवर लागते, पण आवाज उशिरा आल्यामुळे उडीच उशिरा लागली असं डोक्याला वाटतं. स्लो मोशनचा आकडा चांगला येतोय आणि तरी खेळताना उशीर वाटतोय, अशा वेळी दोष इथेच सापडतो.

गर्दीत खेळ जड होतो तेव्हा

हे थोडक्यात सांगते. लॅपटॉप चार्जरवर ठेवा, बॅटरी वाचवण्याचा मोड काढा, मागे उघडे असलेले ब्राउझर बंद करा. पडद्यावर फ्रेमचा आकडा दिसण्याची सोय चालू करून बघा. ६० वरून ३५ वर घसरत असेल तर सावल्या आणि धूसर कडांची सेटिंग खाली आणा. व्ही-सिंक (खेळाची चित्रं पडद्याच्या वेगाशी जुळवणारं सेटिंग) बंद केलं की उशीर थोडा कमी होतो, चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसू शकतं. कोणतं चालेल ते तुमचं तुम्ही ठरवा.

खेळ अर्ध्या तासाने जड होत असेल तर उष्णतेचं बघा. मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून घोडबंदरच्या बाजूच्या घरांतून येणाऱ्या लॅपटॉपच्या जाळीत मला राखाडी नमद्यासारखी धूळ सापडते. बाहेरून मऊ ब्रशने झाडा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका.

एक कळकळीची सूचना. या टप्प्यावर बरेच जण खेळ काढून पुन्हा टाकतात. चाळीस तास खेळून हिरो मोठा केलाय, तर आधी सेव्हची फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करा किंवा क्लाउडवर चढल्याची खात्री करा. पुन्हा टाकल्याने उशीर गेल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही. सेव्ह गेल्याचं मात्र पाहिलंय, आणि त्या मुलाने पुढे तो खेळ उघडलाच नाही.

बटण की स्टिक: पडद्यावर बघा

दुसरं आणि तिसरं लक्षण असेल तर कंट्रोलर लॅपटॉपला जोडा. ब्राउझरमध्ये गेमपॅड तपासण्याची फुकट पानं मिळतात, लॅपटॉपवर खेळ चालवणाऱ्या स्टीम अ‍ॅपच्या कंट्रोलर सेटिंगमध्येही तपासणी आहे. निन्टेन्डोचा स्विच असेल तर कन्सोलच्या सेटिंगमध्ये स्टिक कॅलिब्रेट करण्याचा, म्हणजे तिचा मध्यबिंदू नव्याने ठरवण्याचा, पर्याय आहे.

उडीचं बटण दाबून दहा सेकंद तसंच धरा. पडद्यावरची खूण मध्येच विझून पुन्हा पेटली तर बटणाखालचा संपर्क तुटतोय. हॉलो नाइटसारख्या खेळांत बटण जितका वेळ धराल तितकी उडी उंच जाते, म्हणून संपर्क क्षणभर तुटला की उडी अर्धीच होते आणि दोष बोटावर येतो.

स्टिक सोडल्यावर आकडा शून्याच्या किती जवळ येतो ते बघा (पूर्ण ढकलल्यावर तो १ असतो). ०.०५ पर्यंत काळजीचं कारण नाही. ०.१ च्या आसपास असेल तर खेळात किंवा स्टीममध्ये डेड झोन त्याच्या किंचित वर ठेवा, म्हणजे तेवढी हालचाल खेळ धरणारच नाही. ०.२ च्या पुढे गेलं की डेड झोनने भागत नाही. स्टिक खूप ढकलल्याशिवाय हिरो हलणारच नाही अशी वेळ येते.

पैसे खर्च करण्याआधी डी-पॅडवर, म्हणजे चार दिशांच्या बटणांवर, खेळून बघा. दोनच मितींच्या या खेळांत डावं-उजवं-वर-खाली एवढंच लागतं आणि डी-पॅडवर ते जास्त नेमकं जमतं. सवय व्हायला दोन-तीन दिवस जातात. माझ्या मुलीने स्टिक बिघडली तेव्हा नाइलाजाने डी-पॅड धरला, आता स्टिकला हात लावत नाही.

पावसाळा, घाम आणि चिवडा

माझ्याकडे सगळ्यात जास्त कंट्रोलर जुलै ते सप्टेंबरात येतात, आणि मग दिवाळीनंतर. खाडीकाठच्या आपल्या हवेत पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तोच दमटपणा कंट्रोलरच्या फटींतून आत जातो. त्यावर हाताचा घाम, आणि दिवाळीत चिवड्याचं तेल. बटणाखाली रबराची टोपी असते, तिच्या पोटाला कार्बनचा काळा ठिपका. तो खालच्या बोर्डावर टेकला की बटण लागतं. मध्ये तेलकट थर आला की टेकूनही विद्युत संपर्क होत नाही.

स्टिकच्या आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारी धातूची जीभ असते. जीभ कुठे टेकलीय त्यावरून दिशा कळते. धूळ किंवा झिजलेल्या कार्बनची भुकटी मध्ये आली की मोजमाप चुकतं आणि हिरो चालू लागतो.

न उघडता करायची सफाई अशी. कंट्रोलर बंद करा, सेल काढता येत असतील तर काढा. स्टिक एका बाजूला कलवून मुळाशी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडा, स्टिक काठाला लावून गोल-गोल तीसेक वेळा फिरवा, दाबून सोडा. तासभर पंख्याखाली ठेवा. बटणाच्या कडेने अल्कोहोलात भिजवलेली कापसाची काडी फिरवा आणि बटण पन्नास वेळा दाबा. सॅनिटायझर, अत्तर, पेट्रोल, गंज काढायचा स्प्रे यातलं काहीही नको. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि चिकटपणा असतो, स्प्रेचं तेल आत राहून धूळ धरतं. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून देवघरातल्या दिव्यापासून आणि गॅसपासून लांब बसा.

स्टिकची ही सफाई तात्पुरती असते, हे आधीच मान्य करा. घाणीबरोबर आतलं वंगणही धुतलं जातं. महिने टिकली तर उत्तम. दोन आठवड्यांत त्रास परतला तर पट्टीच झिजलीय, पुन्हा थेंब सोडत बसू नका.

वापर झाला की कंट्रोलर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा. आमच्या घरात हे सुरू केल्यापासून पावसाळ्यातली तक्रार जवळपास थांबली.

उघडायचं ठरवलं तर

आधी बिलावरची तारीख बघा. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हात न लावता सर्व्हिस सेंटरला द्या.

वॉरंटी संपलेली असेल तर बटणाच्या रबराची सफाई घरी जमण्यासारखी आहे. डुअलसेन्सला बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर चालतो. एक्सबॉक्सला टॉर्क्स लागतो, आणि एक स्क्रू सेलच्या कप्प्यातल्या स्टिकरखाली लपलेला असतो. तो न काढता जोर लावला की प्लास्टिक तुटतं. स्विचच्या जॉय-कॉनला तीन पाकळ्यांचा स्क्रू असतो. प्रत्येक पायरीचा फोटो काढा. झाकण हळू उचला, आत कागदासारख्या पातळ रिबन वायरी असतात. रबराचे काळे ठिपके आणि बोर्डावरची जागा अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा. ठिपका खरवडू नका, तो घासला गेला की टोपीच बदलावी लागते.

जॉय-कॉनची स्टिक रिबनने जोडलेली असते, त्यामुळे ती सोल्डरिंगशिवाय बदलता येते. हाताला अशा कामाची सवय असेल तर करा.

इथे थांबा

डुअलसेन्स आणि एक्सबॉक्सच्या स्टिकचा भाग बोर्डावर १४ ठिकाणी सोल्डर केलेला असतो. मी रोज सोल्डरिंग बघते, तरी पहिल्या दोन वेळा मी जुन्या बोर्डांवर सराव केला होता. चौदाही टोकं मोकळी झाल्याशिवाय ओढलं की बोर्डातल्या तांब्याच्या कड्या उपटून येतात, आणि मग पाचशेचं काम नव्या कंट्रोलरवर जातं. सराव नसेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर त्या क्षणी हात काढा. बॅटरी फुगलीय किंवा झाकण आपोआप उचललं गेलंय: चार्जिंग बंद, टोचायचं नाही, दाबायचं नाही, मोकळ्या जागी फरशीवर ठेवून दुकानात न्या. जळका वास येतोय. आत चहा किंवा सरबत गेलंय. कन्सोलचा एचडीएमआय पोर्ट हलतोय. कन्सोल किंवा टीव्ही स्वतः उघडण्याची वेळ आलीय, तर तेही नाही. त्यांच्या पॉवर सप्लायमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ विजेचा धोकादायक दाब राहतो, आणि प्लेस्टेशन ५ च्या मुख्य चिपवर द्रवरूप धातू असतो. तो सांडला तर बोर्ड शॉर्ट होतो.

अधिकृत सर्व्हिस सेंटर महाग वाटलं तर सूक्ष्मदर्शकाखाली काम करणारा मोबाइल दुरुस्तीवाला शोधा. ठाणे स्टेशनच्या आसपास असे आहेत, सुटे भाग हवे असतील तर मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार आहेच. काम देताना तीन प्रश्न विचारा. नवा भाग आधीसारखाच घासणारा बसवणार की चुंबकावर चालणारा हॉल इफेक्टचा? त्यात पट्टी-जीभ घासत नाही, त्यामुळे तशी झीज होत नाही. दुसरं, बसवल्यावर कॅलिब्रेट करून देणार का? डुअलसेन्समध्ये जुन्या स्टिकचा मध्यबिंदू आत साठवलेला असतो. भाग बदलून कॅलिब्रेशन नाही केलं तर नवी स्टिकही तिरकीच वागते, आणि लोक दुरुस्ती फसली असं समजतात. तिसरं, काढलेला भाग परत देणार का? हो म्हणणाऱ्याकडे द्या.

घरी आणल्यावर पैसे वसूल झाले का ते त्याच फोनने, त्याच जागी, २४० फ्रेमवर दहा उड्या मारून बघा आणि आकडा वहीत पहिल्या आकड्याखाली लिहा.